यूपीआय चालतं, मग मोबाइलवर मतदान का नाही? (जरा सविस्तर उत्तर)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका नगरपरिषदेत कंत्राटी आयटी इंजिनिअर आहात, बिहारमध्ये मोबाइलवरून मतदान झाल्याची बातमी वाचून मुख्याधिकाऱ्यांनी तुम्हाला दोन पानी टिपण लिहायला सांगितलंय. तुमचं स्वतःचं मत असं की लोक रोज यूपीआयवर पैसे पाठवतात, मग मत पाठवायला काय हरकत आहे, मशीन नको, गोदाम नको, एवढे कर्मचारी नको, खर्च एकदम खाली येईल. आणि यात मी काय विसरतोय, असं तुम्ही विचारलंय.

मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे सरकारी सॉफ्टवेअरची त्रयस्थ तांत्रिक तपासणी येते, ती करतो, आणि सरकारी नोकर असल्यामुळे निवडणुकीची ड्युटी लागतेच, मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच वेळा बसलोय. त्यामुळे टेंडरचा कागद आणि बूथवरचं टेबल, दोन्ही बाजू जवळून बघितल्यात, त्यावरून लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट टिपणात वरच टाका, हा निर्णय नगरपरिषदेचा नाही. नगरपालिकांच्या निवडणुका घेण्याचा अधिकार घटनेच्या कलम २४३ झेडए नुसार राज्य निवडणूक आयोगाचा आहे, आणि मतदानाची पद्धत बदलायची तर आधी कायद्यात आणि नियमात जागा लागते. ही नुसती औपचारिकता नाही. १९८२ ला केरळातल्या परूर मतदारसंघात देशात पहिल्यांदा ईव्हीएम वापरलं, ५० केंद्रांवर. शिवन पिल्लई १२३ मतांनी जिंकले, ए. सी. जोस कोर्टात गेले, आणि १९८४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात मशीनने मतदान घ्यायची तरतूदच नाही. मशीन नीट चाललं की नाही हा मुद्दाच राहिला नाही. त्या ५० केंद्रांवर परत कागदावर मतदान झालं आणि जोस निवडून आले. कायद्यात ६१ए हे कलम आल्यावर, म्हणजे १९८९ नंतरच मशीनला पाया मिळाला. आधी यंत्र आणि मग कायदा असा क्रम लावला की केलेला सगळा खर्च कोर्टाच्या एका निकालावर अडकतो.

आता मूळ प्रश्न. मत गोळा करणं आणि मोजणं हा या कामातला सोपा भाग आहे, कुठलाही बरा डेव्हलपर महिन्याभरात असं ॲप बनवून देईल. अवघड भाग असा की ज्याने मत दिलं त्याचं मत कुणालाही, अगदी सिस्टीम चालवणाऱ्यालासुद्धा कळता कामा नये, आणि तरी जो उमेदवार हरलाय त्याला आणि त्याच्या कार्यकर्त्यांना आकडा खरा आहे हे पटायला पाहिजे. जिंकणारा कधी हिशोब मागत नाही हो. सिस्टीम बांधायची ती हरणाऱ्यासाठी. मी कुठलाही मतदानाचा प्रकल्प बघताना याच एका गोष्टीचा खर्च शोधतो, आणि बहुतेक वेळा तो अंदाजपत्रकात नसतोच.

यूपीआयचं बघा ना. तुम्ही पाचशे रुपये पाठवले की तुम्हाला मेसेज, दुकानदाराला मेसेज, दोन्ही बँकांकडे नोंद, आणि गडबड झाली तर तक्रार करून पैसे परत. फसवणूक होते, रोज होते, पण ती दिसते आणि निस्तरता येते, कारण प्रत्येक व्यवहारावर नाव आहे. मतावर नाव ठेवायचं नाहीये. माझं मत चुकीच्या खात्यात गेलं हे मला स्टेटमेंट बघून कळणार नाही, आणि कळलंच तर ते मी दुसऱ्याला दाखवू शकता कामा नये, कारण दाखवता आलं की ते विकता येतं. म्हणजे यूपीआय ज्या नोंदीच्या जोरावर भरवशाचं झालंय नेमकी तीच नोंद इथे काढून टाकायची आहे. हा फरक मुख्याधिकाऱ्यांना समजला तर टिपणाचं अर्धं काम झालं.

आता खर्च. यासाठी मी नेहमी आयर्लंडचं उदाहरण देतो, कारण त्यांचा सगळा हिशोब लोकांसमोर आहे. त्यांच्याकडे पसंतीक्रमाची मतं असतात, कागदावरची मोजणी फेऱ्याफेऱ्यांनी कधी कधी काही दिवस चालते, म्हणून सरकारने नेडाप या डच कंपनीची मशीन्स आणली. २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तीन मतदारसंघांत प्रयोग झाला. डब्लिन नॉर्थमध्ये माजी न्यायमंत्री नोरा ओवेन हरल्या, आणि एरवी फेरीमागून फेरी ऐकत उमेदवाराला अंदाज येत जातो तसं काही न होता निकाल एकदम जाहीर झाला, त्यांना तो धक्का सगळ्यांसमोर पचवावा लागला आणि देशाने तो टीव्हीवर बघितला. मोजणी हळू चालते तेव्हा हरणारा ती डोळ्यांनी बघत असतो आणि हळूहळू पटवून घेत असतो, हे त्या वेगाच्या हिशोबात कुणी धरलंच नव्हतं. तरी सरकारने साधारण ७,५०० मशीन्स घेतली. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली की कागदाचा पुरावा कुठे आहे, सरकारने आयोग नेमला, आणि २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्या आयोगाने सांगितलं की ही मशीन्स वापरा अशी शिफारस आम्ही करू शकत नाही.

मशीन्स तर आली होती, आता ठेवायची कुठे? ठिकठिकाणी गोदामं भाड्याने घेतली, काही ठिकाणी तर २५ वर्षांचे करार केले, पुढे बरीचशी लष्कराच्या एका तळावर नेली. २००९ ला प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला, तोवर एकूण खर्च ५ कोटी युरोच्या वर गेला होता. २०१२ ला सगळी मशीन्स एका भंगार प्रक्रिया कंपनीला सुमारे ७०,००० युरोला विकली, म्हणजे एकेक साधारण ९ युरोला. राष्ट्रीय पातळीच्या दोन मतदानांत थोड्या मतदारसंघांत वापरलेली मशीन्स ही. तांत्रिक बिघाड झाला म्हणून हे सगळं बुडालं नाही, ज्या दिवशी "कशावरून?" या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही त्या दिवशी बुडालं.

नेडापच्या देशातच काय झालं तेही सांगतो. नेदरलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी हीच मशीन्स होती, कंपनीचं म्हणणं होतं की हे यंत्र फक्त मतं मोजतं, बाकी काही करू शकत नाही. २००६ ला रॉप खोंगग्रेप आणि त्यांच्या गटाने मशीन मिळवलं, पाच मिनिटांत आतली चिप बदलून दाखवली, आणि त्याच मशीनवर बुद्धिबळ खेळून दाखवलं. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मशीनच्या स्क्रीनमधून बारीक रेडिओ लहरी बाहेर पडायच्या, आणि सीडीए या पक्षाच्या नावात एका अक्षरावर उच्चारचिन्ह होतं, ते दाखवताना स्क्रीनची गती बदलायची, त्यामुळे काही मीटरवर साधा रिसीव्हर घेऊन बसलेल्याला या मतदाराने सीडीएचं बटण दाबलं हे ऐकू यायचं. कोणत्या टेंडरमध्ये ही चाचणी लिहिलेली असते सांगा? गुप्तता फुटण्याच्या जागा अशा असतात. डच लोक पुढच्या दोन वर्षांत परत कागद आणि लाल पेन्सिलवर गेले. आणि ३ मार्च २००९ ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने, २००५ च्या निवडणुकीत वापरलेल्या याच मशीन्सबद्दल निकाल देताना, सांगितलं की मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञान नसताना तपासता आले पाहिजेत. माझ्यासारख्या तपासणी करणाऱ्याला हा निकाल फार टोचतो, कारण मी सर्टिफिकेट दिलं म्हणून सिस्टीम विश्वासाची ठरत नाही असाच त्याचा अर्थ होतो. आणि कोर्टाचं बरोबर आहे.

आपल्याकडे या. आपलं ईव्हीएम नेटवर्कला जोडलेलं नाही, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. जुनं एम-२ मॉडेल ८,६७० रुपयांना पडायचं, एम-३ साधारण १७,००० ला. मग २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कागदी पुरावा आवश्यक असल्याचं म्हटलं, आणि २०१७ ला केंद्राने १६,१५,००० व्हीव्हीपॅटसाठी (मत कुणाला गेलं याची कागदी चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) ३,१७३.४७ कोटी मंजूर केले. भागाकार करून बघा, एक व्हीव्हीपॅट साधारण १९,६५० रुपयांना. म्हणजे मत नोंदवणाऱ्या यंत्रापेक्षा ते पटवणारं यंत्र महाग आहे! हा आकडा टिपणात ठळक टाका.

आणि पैसे मोजूनही ते सुरळीत चाललं असं नाही. मे २०१८ ला भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत भर उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट पटापट बंद पडली, जवळपास १९ टक्के बदलावी लागली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. कारणात निघालं की सेन्सरवर जास्त उजेड पडत होता. झेडपीच्या शाळेत खिडकीजवळ टेबल लावायचं की कोपऱ्यात यावर निवडणूक अडावी, असं कुणाच्या मनातही आलं नसेल. बरं, या मशीन्सचं आयुष्य १५ वर्षांचं धरलेलं आहे. एकत्र निवडणुका घ्यायच्या तर दर १५ वर्षांनी १०,००० कोटी लागतील असं निवडणूक आयोगानेच सरकारला कळवलेलं आहे. उमेदवार वाढले तरी बिल वाढतं. २०१९ ला निजामाबादला हळद उत्पादक शेतकऱ्यांनी निषेध म्हणून अर्ज भरले, उमेदवार झाले १८५, आणि प्रत्येक केंद्रावर १२-१२ बॅलट युनिट (उमेदवारांची बटणं असलेला भाग) जोडावी लागली.

शेवटी तपासणीचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न येतोच. एप्रिल २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के मशीन्सची तपासणी मागायची मुभा दिली, पैसे मात्र त्याने आधी भरायचे. त्यासाठी एका संचाला ४०,००० रुपये अधिक जीएसटी ठरले, आणि महाराष्ट्र विधानसभेनंतर इथल्या हरलेल्या उमेदवारांनीही ते भरले. ही रक्कम जास्त आहे असं नंतर कोर्टानेच म्हटलं. मला विचाराल तर हा खर्च मूळ प्रकल्पातच धरायला हवा होता, हरणाऱ्याच्या खिशातून नाही.

आता बूथवरचं सांगतो, कारण मोबाइलवर नेमकं काय हरवतं ते इथे दिसतं. सकाळी मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं. दहा-बारा बाय पंधराची वर्गखोली, टेबलावर कंट्रोल युनिट, समोर सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट, काही जण रात्रभर जागे. किमान ५० मतं टाकायची, कुणी कुठलं बटण दाबलं ते एजंट स्वतः वहीत लिहितात, मग निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या, जुळवायच्या, मग क्लिअर दाबून आकडा शून्य झालेला प्रत्येकाला दाखवायचा, चिठ्ठ्यांवर मागून मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. सीलवर एजंटांच्या सह्या. संध्याकाळी मशीन बंद करून एकूण मतांचा आकडा १७-सी फॉर्मवर लिहायचा आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटच्या हातात द्यायची. मोजणीच्या दिवशी तो एजंट तोच कागद घेऊन येतो आणि आमच्या आकड्याशी ताडून बघतो. दहावी झालेला पोरगा हे करतो, त्याला कुणाचं सर्टिफिकेट लागत नाही. या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात स्वस्त गोष्ट ती १७-सी ची प्रत आहे आणि सगळ्यात जास्त काम तीच करते. ॲपमध्ये ही खोलीच नाही, टेबल नाही, एजंट नाही. सर्व्हरवरचा आकडा आणि "आमचं ऑडिट झालंय" एवढं एक वाक्य उरतं. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, आपल्याकडे स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरत नाहीत, म्हणजे तिथे पुरावा आधीच एका पायरीने कमी आहे, त्यातून हे टेबलही काढायचं म्हणजे उमेदवाराच्या हातात काहीच राहत नाही.

थोडक्यात इथपर्यंत असं की यंत्र स्वस्त असतं, पुरावा आणि राखण महाग असते, आणि मोबाइल मतदानात वाचलेला दिसणारा पैसा पुराव्याच्याच भागातून वाचलेला असतो.

"मग एस्टोनियाला कसं जमतं?" हे तुम्हाला विचारतीलच. जमतं, २००५ पासून जमतं, २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. पण लोकसंख्या तेरा-चौदा लाख, प्रत्येकाकडे चिपवालं ओळखपत्र, त्याचे दोन वेगळे पिन, आणि कितीही वेळा मत बदलायची सोय, शेवटचं धरतात, शिवाय केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं तर ऑनलाइनचं रद्द. ही बदलायची सोय दबावावरचा उपाय म्हणून आहे. तरी २०१७ ला त्याच कार्डाच्या चिपमध्ये दोष निघाला आणि सुमारे साडेसात लाख कार्डांना झळ बसली. तिथले काही तज्ज्ञ अजूनही त्या सिस्टीमवर आक्षेप घेतात.

जिथे फसलं ती यादी मोठी आहे, दोनच सांगतो. २०१० ला वॉशिंग्टन डीसीने इंटरनेट मतदानाची सिस्टीम खऱ्या वापराआधी हल्ल्यासाठी खुली ठेवली, हे फार चांगलं केलं त्यांनी. मिशिगन विद्यापीठातल्या ॲलेक्स हॅल्डरमन यांच्या गटाने ४८ तासांच्या आत ताबा घेऊन टाकलेली सगळी मतं बदलली, आणि मत दिल्यावर विद्यापीठाचं गाणं वाजेल असं करून ठेवलं. अधिकाऱ्यांना जवळपास दोन दिवस पत्ता लागला नाही, आणि गाणं वाजलं नसतं तर किती दिवस लागला नसता कुणास ठाऊक. दुसरं ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्सचं. डिसेंबर २०२१ ला त्यांच्या आयव्होट या ऑनलाइन मतदानाच्या सिस्टीमवर ताण आला, काही मतदारांना मत देताच आलं नाही, आणि कोर्टाने तीन ठिकाणचा निकाल रद्द केला. इथे हॅकर नव्हताच, नुसती क्षमता कमी पडली.

फिनलंडचं वेगळं सांगतो कारण ते थेट तुमच्या कामाचं आहे. २००८ ला तीन गावांत केंद्रावरच्या मशीनवर मतदान घेतलं. उमेदवार निवडून शेवटी ओके दाबायचं आणि मग कार्ड काढायचं, पण लोकांनी आधीच कार्ड काढलं, मशीनने काही ओरडून सांगितलं नाही, आणि २३२ मतं नोंदलीच गेली नाहीत, मशीनवरच्या मतांच्या सुमारे दोन टक्के. कोर्टाने तिन्ही ठिकाणी परत निवडणूक घ्यायला लावली. आता तुमच्या नगरपरिषदेत मतदार प्रभागातले सदस्य आणि थेट नगराध्यक्ष अशी तीन-चार मतं देतो. दुसरं मत देऊन फोन आला, रेंज गेली, बॅटरी संपली, तर पहिली दोन धरायची की सगळी सोडायची? परत लॉगिन करू द्यायचं का? आणि परत करू द्यायचं तर आधी कुणाला दिलं हे सिस्टीमला माहीत असणार का? व्हेंडरला हा एक प्रश्न विचारून बघा. मी तपासणीत नेहमी अर्धवट सोडलेल्या कामापासूनच सुरुवात करतो, कारण डेमो नेहमी पूर्ण केलेल्या कामाचा असतो. एका सरकारी प्रणालीत (मतदानाची नव्हती) चाचणी अहवालात सगळं "पास" होतं आणि मध्येच नेट बंद केल्यावर तोच अर्ज दोनदा जमा होत होता. तिथे एक अर्ज रद्द करून भागलं, निवडणुकीत कुठला रद्द करणार?

बिहारबद्दल. २८ जून २०२५ ला तिथल्या काही नगरपालिका निवडणुकांत सीडॅक या सरकारी संस्थेने बनवलेल्या ॲपवर मतदान झालं, ते वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, स्थलांतरित कामगार अशांसाठी, केंद्रावरच्या मतदानाला जोड म्हणून. एका मोबाइल नंबरवर दोनच मतदार अशी मर्यादा होती. हेतू चांगला आहे, मला त्या हेतूबद्दल आदरच आहे. पण त्या मर्यादेतच अडचण दिसते बघा, एका फोनवर दोन मतदार म्हणजे बहुतेक घरांत नवरा-बायको, आणि फोन कुणाच्या हातात असतो ते आपल्याला माहीत आहे. केंद्रावर पुठ्ठ्याचा आडोसा असतो ना, त्या आडोशाच्या आत सासरा येऊ शकत नाही, सरपंच येऊ शकत नाही. तो आडोसा ॲपमध्ये बसवता येत नाही, ब्लॉकचेन लावा नाहीतर चेहरा ओळखायचं तंत्र लावा, मत देताना शेजारी कोण उभं आहे हे त्यांना दिसत नाही.

तुमच्या भागातून ऊसतोडीला लोक जात असतील तर ही गोष्ट फार खरी आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांवर जातात आणि नेमक्या त्याच काळात निवडणुका लागल्या की हजारो माणसांचं मत बुडतं, याची मला मनापासून खंत आहे आणि यावर उपाय शोधलाच पाहिजे. पण उचल घेतलेल्या माणसाचा मुकादम शेजारी बसून "दाखव कुणाला दिलं" म्हणाला तर तो काय करणार? निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदानाचं यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालतील असं, पण ते केंद्रावरचं यंत्र होतं, मोबाइल नव्हे, आणि त्यालाही बऱ्याच पक्षांनी विरोध केला. सैनिकांसाठी मात्र एक मधला मार्ग आज चालू आहे, कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि भरलेली कागदावर पोस्टाने परत येते. वेग जिथे हवा तिथे इंटरनेट आणि पुरावा जिथे हवा तिथे कागद, ही विभागणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

कुठल्या मतदानाला हे चालेल हे अर्थात कशासाठी मत घेताय त्यावर आहे. प्रभागात बाग आधी की रस्ता आधी असा कौल घ्यायचाय तर बिनधास्त मोबाइलवर घ्या, तिथे मत गुप्त नसलं तरी फार बिघडत नाही आणि चुकलं तर परत घेता येतं. नगराध्यक्ष ठरवायचा असेल तर नको.

तेव्हा टिपणात मी असं सुचवेन की मोबाइल ॲपऐवजी ऊसतोड मजुरांसाठी कारखान्याच्या तळावर आडोशासकट केंद्र किंवा सैनिकांसारखी टपाली मतपत्रिका यांचा विचार व्हावा म्हणून राज्य निवडणूक आयोगाला विनंती करा, मजूर किती आणि कोणत्या कारखान्यांवर जातात याची प्रभागनिहाय यादी सोबत जोडा. आणि ॲपवाली कंपनी डेमोला आलीच तर तिच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: हरलेल्या उमेदवाराच्या हातात १७-सी च्या तोडीचा कुठला कागद देणार, अर्धवट राहिलेल्या मताचं काय करणार, आणि पाच वर्षांनी कंपनी नसेल तेव्हा सोर्स कोड आणि सर्व्हर कुणाच्या ताब्यात असणार. उत्तरं आली की इथे टाका, मी वाचून सांगतो.